कर्जासोबत आलेला विमा : परतावा स्वतः मागावा की मध्यस्थामार्फत?

शेतीस भांडवल लागते आणि भांडवलासाठी पुष्कळदा कर्ज काढावे लागते. पेण तालुक्याच्या खारेपाटात भात पिकविणारा शेतकरी असो, हमरापूर-जोहे भागातील गणेशमूर्तींचा कारखानदार असो, अथवा रोहा तालुक्यात पॉवर टिलर घेणारा तरुण असो; कर्जाच्या कागदांवर सह्या करताना त्यांतील प्रत्येक कागद वाचला जातोच असे नाही. त्या कागदांत कधी कधी विम्याचा अर्जही असतो. हप्ता सुरू झाल्यावर, मंजूर रकमेपेक्षा हाती कमी रक्कम आली, हे ध्यानात येते. अशा वेळी काय करावे, याचा विचार या पाठात केला आहे.

विमा केव्हा योग्य, केव्हा अयोग्य

कर्जदाराचा मृत्यू झाल्यास कर्जाचा बोजा कुटुंबावर पडू नये, यासाठी कर्जसुरक्षा विमा असतो. समजून-उमजून घेतल्यास तो उपयुक्त आहे. परंतु विमा घेतल्यावाचून कर्ज मिळणार नाही असे सांगून तो दिला असेल, कर्जदारास न विचारता वर्गणी कापली असेल, किंवा एकदाच भरावयाची मुदत ठेव म्हणून वर्षानुवर्षे हप्ते भरावयाची पॉलिसी दिली असेल, तर ती विक्री अयोग्य होय. बँकेने ग्राहकावर विशिष्ट कंपनीचा विमा घेण्याची सक्ती करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. शिवाय 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ व लघुउद्योग कर्जांबाबत बँकेने सर्व आकारांचे एक तथ्यपत्रक कर्जदारास समजेल अशा भाषेत दिले पाहिजे. कर्जदाराच्या वतीने वसूल केलेली विम्याची वर्गणीही त्यात दाखवावी लागते. त्यात न दाखविलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही.

पीक विम्याचा नियम निराळा आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना कर्जदार शेतकऱ्यांसही खरीप 2020 पासून ऐच्छिक आहे. ज्यास सहभाग नको असेल, त्याने अंतिम तारखेच्या किमान 7 दिवस आधी बँकेस तसे लेखी कळविले पाहिजे. न कळविल्यास वर्गणी कापली जाते.

नुकसानीचा हिशेब

उदाहरणादाखल असे समजू की, रोह्यातील एका शेतकऱ्याने 12 टक्के व्याजाने 3 वर्षांसाठी कर्ज घेतले व त्यात विम्याचे 9,000 रुपये मिळविले गेले. या 9,000 रुपयांपोटी त्याच्या मासिक हप्त्यात सुमारे 299 रुपयांची भर पडते व 36 महिन्यांत सुमारे 10,764 रुपये जातात. म्हणून परतावा मागताना मूळ वर्गणीबरोबर तिच्यावरील व्याजही मागावे.

आता गावात कोणी मध्यस्थ येतो व “पैसे मिळवून देतो, चौथा हिस्सा माझा,” असे म्हणतो. सर्व रक्कम परत मिळाली तरी त्यातील सुमारे 2,691 रुपये त्याचे झाले. आणि तो करतो काय? पुढे सांगितलेलाच अर्ज लिहून पाठवितो.

इंग्लंडमधील धडा

इंग्लंडमध्ये बँकांनी कर्जासोबत असाच विमा लक्षावधी लोकांना अयोग्य रीतीने विकला होता. 2011 ते 2019 या काळात बँकांना 38 अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली. मागणीची अंतिम तारीख 29 ऑगस्ट 2019 होती. बँकेस पत्र लिहिणे व तिने न ऐकल्यास लोकपालाकडे जाणे, हे दोन्ही मार्ग ग्राहकास विनामूल्य होते. तरीही असंख्य लोकांनी दावे चालविणाऱ्या कंपन्यांना आपला वाटा दिला. अखेर जुलै 2018 मध्ये तेथील सरकारने कायद्याने या कंपन्यांचे शुल्क 20 टक्के व त्यावरील करापर्यंत मर्यादित केले. कर धरून ते 24 टक्के होते. म्हणजे 2,000 पौंड मिळाल्यास 480 पौंड कंपनीस. हे टाळण्यास एक पत्र लिहिणे पुरेसे होते.

स्वतः मागणी करण्याची रीत

1. प्रथम कागद गोळा करावेत : कर्जमंजुरीचे पत्र, तथ्यपत्रक, खातेउतारा, विम्याचे प्रमाणपत्र अथवा पॉलिसी. नसल्यास बँकेकडे लेखी मागावेत.

2. पॉलिसी हाती पडून 30 दिवस झाले नसतील, तर प्रथम ती परत करण्याचा हक्क वापरावा. एक वर्ष वा अधिक मुदतीच्या आयुर्विमा पॉलिसीस हा हक्क आहे. त्या दिवसांची जोखीम, वैद्यकीय तपासणी व मुद्रांक यांचा खर्च वजा जाऊन वर्गणी परत मिळते. गट विमा असल्यास प्रमाणपत्रातील अट पाहावी.

3. मुदत गेली असल्यास बँक व विमा कंपनी या दोहोंकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ व्यवस्थेत 155255 या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते.

4. कंपनीने एक महिन्यात उत्तर न दिल्यास वा दिलेले उत्तर समाधानकारक नसल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. तक्रार विमाधारकाने वा त्याच्या वारसाने स्वतःच करावयाची असते. 50 लाख रुपयांपर्यंतचे दावे तेथे चालतात व निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र तोच वाद न्यायालयात वा ग्राहक आयोगात चालू नसावा.

5. दोष बँकेचा असल्यास बँकेच्या उत्तरासाठी 30 दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

6. अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही व बाजू स्वतः मांडता येते.

अर्जाचा नमुना

“मा. शाखा व्यवस्थापक यांस : माझे कर्ज खाते क्र. … यातून दि. … रोजी विम्यापोटी रु. … कापण्यात आले. हा विमा ऐच्छिक असल्याचे मला सांगण्यात आले नाही / माझी संमती घेण्यात आली नाही. सबब विमा रद्द करून वर्गणी व तीवर आकारलेले व्याज माझ्या खात्यात जमा करावे. संमती घेतली असल्यास तिची प्रत द्यावी. सोबत खातेउताऱ्याची प्रत जोडली आहे.”

अर्जात घडले तेवढेच लिहावे. लागू नसलेले वाक्य खोडावे.

मध्यस्थाविषयी सावधगिरी

कोऱ्या कागदावर सही करू नये. मूळ पॉलिसी, चेकबुक वा मोबाईलवर आलेला सांकेतिक क्रमांक कोणास देऊ नये. “विमा प्राधिकरणातून बोलतो, बोनस आला आहे, आधी अमुक रक्कम भरा,” असा दूरध्वनी आल्यास तो फसवणुकीचा समजावा. प्राधिकरण असे दूरध्वनी करीत नाही. मध्यस्थाच्या दिरंगाईने लोकपालाची एक वर्षाची मुदत टळली, तर हिस्सा वाचूनही हक्क जातो, हे विसरू नये.

वाद गुंतागुंतीचा असल्यास जाणत्या वकिलाचा सल्ला घेणे रास्त आहे. त्यासाठी प्रथम तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य कायदेविषयक साहाय्य मिळू शकते.

कार्यकर्त्यांचे काम

ज्यास लिहिता येत नाही त्यास मध्यस्थाचा आधार वाटतो, हे खरे आहे. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने वरील नमुन्याच्या प्रती जवळ ठेवाव्यात, सभेत तो वाचून दाखवावा, अर्ज भरण्यास मदत करावी व मुदतीच्या तारखा वहीत टिपाव्यात. अर्जावर सही वा अंगठा शेतकऱ्याचाच असावा आणि पैसे थेट त्याच्याच खात्यात यावेत.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या कर्जाच्या उताऱ्यात विम्याची नोंद आहे काय? ती कोणाच्या संमतीने झाली?
2. हा विमा आपल्या कुटुंबास खरोखर हवा आहे काय?
3. परतावा मागावयाचा असल्यास पहिला अर्ज कोणाकडे व पुढील मुदत कोणती?