सिक रिपोर्ट म्हणजे कमीपणा नव्हे



शिबिराची यादी फलकावर लागली की एम.आय. रूममधली माझी तयारी सुरू होते : ओ.आर.एस.ची पाकिटे, थर्मामीटर, बर्फ आणि एक मोठा टब. खरचटणे, मुरगळणे, नव्या बुटांनी आलेले फोड हे तर रोजचेच. मे महिन्याच्या शिबिरात मला खरी धास्ती असते ती उष्माघाताची. तो जिवावर बेततो, पण टाळताही येतो. म्हणून हा पाठ.

शरीर गार कसे राहते?

धावताना स्नायूंत उष्णता तयार होते आणि ती घामावाटे बाहेर पडते. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तरच त्वचा गार होते. राजस्थानच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंगातून किती पाणी गेले ते कळतच नाही. कोकणात किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावर पारा कमी दिसतो, पण दमट हवेत घाम नुसता ओघळत राहतो आणि अंग तापतच जाते. म्हणून केवळ पाऱ्यावर विसंबू नका.

उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. आपले शिबिर मात्र दहा दिवसांचे. म्हणजे अंगाला सवय होते न होते तोच बिस्तरा बांधायची वेळ येते! पहिले तीन-चार दिवस सर्वांत जोखमीचे. प्रशिक्षकांनी या दिवसांत कवायत थोडी ठेवून रोज वाढवत न्यावी, धावण्याचे कार्यक्रम सकाळी लवकर उरकावेत आणि दुपार वर्गासाठी ठेवावी.

पाणी आणि मीठ

तहान लागेपर्यंत थांबू नका. लघवीचा रंग पाहा : फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद झाला तर पाणी कमी पडते आहे. मात्र खूप घाम गेल्यावर एकदम लोटाभर-लोटाभर साधे पाणी पिणेही बरे नाही, कारण त्याने रक्तातले मीठ पातळ होते. जेवण, ताक, लिंबू-सरबत यांतून मीठ पोटात जायला हवे. नाश्ता टाळून मैदानावर येऊ नका.

जुलाब होत असतील तर ओ.आर.एस. घ्या. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. हे साधे पाणी किती मोलाचे आहे ते १९७१ साली दिसले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले.

लक्षणे ओळखा

पोटरीत गोळे येणे ही पहिली सूचना. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गळून जाणे ही दुसरी. अशा वेळी सावलीत आडवे व्हा, पाय उंचावर ठेवा, घोट-घोट पाणी घ्या. सावधानमध्ये बराच वेळ उभे राहिल्याने रक्त पायांत साचूनही भोवळ येते. आडवे केल्यावर असा छात्र दोन-चार मिनिटांत सावरतो.

पण मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, विनाकारण चिडू लागला किंवा त्याला झटका आला, तर तो उष्माघात समजा. अशा वेळी शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर गेलेले असते. कातडी कोरडीच असेल असे नाही. कवायतीत उष्माघात झालेला मुलगा घामाने निथळतही असतो.

आधी गार करा, मग हलवा

१०८ला फोन करायला एकाला पाठवा. बाकीच्यांनी त्याला सावलीत नेऊन बूट, पट्टा आणि जाड कपडे काढावेत. मानेपर्यंत गार पाण्याच्या टबात बसवा आणि डोके धरून ठेवा. टब नसेल तर बादल्यांनी पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. रुग्णवाहिकेची वाट पाहत हात बांधून बसणे हाच खरा धोका.

जोडीदार

आजवर माझ्याकडे वेळेत आलेल्या मुलांपैकी बहुतेकांना जोडीदाराने आणले आहे. एका दुपारी एक छात्र धावत आला आणि म्हणाला, "सर, हा दोनदा 'बाएं मुड'ला उजवीकडे वळला. एरवी कधी चुकत नाही." वळणारा मुलगा मात्र "मी ठीक आहे" असेच म्हणत होता. मेंदू तापला की स्वतःची अवस्था स्वतःला कळत नाही. ती शेजाऱ्यालाच दिसते. आम्ही त्याला लगेच टबात बसवले आणि संध्याकाळी तो मेसमध्ये जेवला.

काल जुलाब झाले, रात्री झोप लागली नाही, अंगात कसकस आहे, हे रोल कॉलला सांगा. 'नाटक करतो' असे कुणी म्हणेल, म्हणून मुले गप्प राहतात. प्रशिक्षकांना माझी विनंती आहे की, सिक रिपोर्टला आलेल्या मुलाची सर्वांसमोर थट्टा होऊ देऊ नका. एकाची थट्टा झाली की दुसऱ्या दिवशी दहा जण दुखणे लपवतात.

पालकांसाठी

शिबिराआधी दोन आठवडे मुलाला रोज सकाळ-संध्याकाळ मोकळ्या हवेत खेळू द्या. दमा, फिट, मधमाशीच्या दंशाची अ‍ॅलर्जी, चालू औषधे हे सारे फॉर्मवर लिहा. लिहिले तर निवड होणार नाही, या भीतीने लपवू नका. सर्दीच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, तेही आम्हाला कळायला हवे. दम्याचा पंप ट्रंकेत नको, मुलाच्या खिशात हवा.

आणि छात्रांनो, उद्यापासून फॉल-इन झाल्यावर उजवी-डावीकडच्या दोघांचे चेहरे एकदा नीट पाहून घ्या. काही वेगळे वाटले तर लगेच सांगा.