पऱ्हाटी विकायची? मग वाळवा अन् माती झटका

वेचणी संपली की पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवू नका. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडते अन् पुढच्या हंगामात आपल्याच कपाशीवर येते. आधी शेळ्या-मेंढ्या चारून घ्या, मग उपटा, शेतातच पातळ पसरून वाळवा आणि लगेच कुट्टी करा.

या कुट्टीपासून पांढरा कोळसा होतो. त्यात गोंद लागत नाही. जोराच्या दाबाने मशीनमध्ये उष्णता तयार होते, काडीतलं लिग्निन मऊ होतं अन् तेच भुसा चिकटवतं. पण त्यासाठी ओलावा १० टक्क्यांच्या आसपास पाहिजे. ओल्या मालाची कांडी फुटते, आणि जळताना बरीच उष्णता पाणी उडवण्यातच जाते. "ओली दिली तर वजन जास्त भरंल" असं काही जण म्हणतात. भरंल, पण ओलावा मोजला की दर पडतो.

करंगळीएवढी काडी वाकवून पाहा. कट्‌कन मोडली तर तयार, सालीला लोंबली तर अजून ऊन द्या.

मुळांची माती आपटून काढाच. मातीने राख वाढते, भट्टीत खडे धरतात, मशीनही झिजते.

सोयाबीनचं कुटार मात्र जनावरांसाठी राहू द्या.

कुट्टी यंत्र पाहिजे असल्यास गाव व एकर लिहून याच नंबरवर पाठवा.