जुन्या जीपचे मूळ इंजिन कसे ओळखावे?

इतिहासाच्या तासाला अस्सल कागद आणि नक्कल यांतील भेद आपणांस शिकविला जातो. कागदाचे बाह्य परीक्षण आधी करावे, मग अंतःपरीक्षण करावे, आणि ज्याच्या सांगण्यात त्याचा स्वतःचा लाभ आहे त्याच्या साक्षीवर एकदम विसंबू नये, असे सर नेहमी बजावतात. हे सारे नियम मोडी दप्तरापुरतेच आहेत अशी माझी समजूत होती. गेल्या दिवाळीच्या सुटीत चिखली तालुक्यातील आमच्या मामांच्या शेतावर मला ते एका जीपला लावावे लागले.

ही जीप आमच्या घरात ‘मिलिटरीची गाडी’ म्हणून प्रसिद्ध आहे. ती दुसऱ्या महायुद्धातील असून आजोबांनी लिलावात घेतली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुण्याकडचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवितात. गाडी खरोखर युद्धातली आणि इंजिन मूळचे असेल तर आपण चांगली किंमत देऊ, असा त्यांचा निरोप आला होता. मामा मला म्हणाले, “तू कॉलेजात शिकतं, तं एक कागद लिहून दे बाप्पा, का गाडी अस्सल हाय म्हून.” कागद लिहिण्यापूर्वी गाडी पाहणे भाग होते.

जीपचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढील विवेचन कळणार नाही. अमेरिकन सैन्यासाठी १९४१ ते १९४५ या काळात दोन कंपन्यांनी एकाच नमुन्याच्या जीपा केल्या. विलीज कंपनीच्या गाडीस ‘एमबी’ व फोर्डच्या गाडीस ‘जीपीडब्ल्यू’ म्हणत. दोहोंची मिळून संख्या सहा लाखांच्या वर जाते. ‘जीपीडब्ल्यू’मधील पहिले अक्षर सरकारी कामाचे, दुसरे ऐंशी इंची व्हीलबेसचे आणि तिसरे विलीजच्या इंजिनाचे. ‘जनरल पर्पज’ या शब्दांची ही आद्याक्षरे होत, ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली तरी फोर्डच्या या अक्षरांस लागू पडत नाही. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात राहिलेल्या लष्करी गाड्या विकल्या गेल्या. त्यांनाच जुनी माणसे ‘डिस्पोजलची जीप’ म्हणतात.

दुसरा प्रवाह मुंबईचा. १९४५ साली ‘महिंद्र आणि महंमद’ या नावाने एक कंपनी निघाली. त्यांपैकी मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर-जनरल झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र आणि महिंद्र’ झाले. विलीजच्या परवान्याने या कंपनीने मुंबईत जीपा बांधल्या. आपल्या भागात गटविकास अधिकाऱ्यापासून बागाईतदारापर्यंत सर्वांनी वापरलेली जीप मुख्यतः ‘सीजे-३बी’ या नमुन्याची. हा नमुना अमेरिकेत १९५३ साली आला व तेथे १९६८ साली बंद झाला. महिंद्रने तो त्यानंतरही कित्येक वर्षे चालू ठेवला.

म्हणजे प्रश्न असा की, समोरची गाडी पहिल्या प्रवाहातील की दुसऱ्या? येथे नवशिक्याची फसगत होते, कारण ज्या गोष्टी मोजता येतात त्यांनी काहीच ठरत नाही. मी आधी फीत घेऊन व्हीलबेस मोजला. तो ऐंशी इंच भरला. आनंद झाला. मागाहून कळले की सीजे-३बीचाही तितकाच असतो! नोंदणीपुस्तकात, ज्याला सर्वजण आरसी बुक म्हणतात त्यात, इंजिनाची क्षमता २१९९ घनसेंटिमीटर लिहिली होती. युद्धकालीन इंजिनाची क्षमता हीच. पण सीजे-३बीच्या पेट्रोल इंजिनाचीही हीच. मोजमापापेक्षा डोळ्यांनी पाहणे येथे अधिक उपयोगी पडते.

पुढच्या जाळीच्या उभ्या फटी मोजाव्यात. युद्धातील गाडीच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असतात (अगदी सुरुवातीच्या विलीज गाड्यांना सळयांची जाळी होती, त्या आपल्याकडे क्वचितच दिसतील). नंतरच्या नागरी जीपला सात. युद्धातील गाडीचे दिवे लहान व जाळीच्या आत बसविलेले असून ते बिजागरीवर उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडता येतो. रात्री रानात गाडी बंद पडली तर शिपायाने काय करावे, याचा विचार ज्याने केला त्याचे कौतुक वाटते. सीजे-३बीचे बॉनेट मात्र पाहताक्षणी उंच वाटते. युद्धकालीन इंजिनाचे सर्व व्हॉल्व ब्लॉकमध्ये असत, त्यामुळे त्याचे हेड म्हणजे केवळ एक सपाट झाकण आणि त्यात उभे प्लग. पुढच्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व हेडमध्ये नेले आणि धूर सोडणारे ब्लॉकमध्येच ठेवले. त्यामुळे इंजिन उंच झाले व बॉनेटही उचलावे लागले. बॉनेट उघडून हेडवर व्हॉल्वचे टोपण दिसते की सपाट झाकण, एवढे पाहिले तरी दोन पेट्रोल इंजिनांतील भेद कळतो.

मामांच्या गाडीला सात फटी, उंच बॉनेट, आणि समोरच्या पत्र्यावर हिरव्या रंगाखाली दडलेली महिंद्रची पाटी. तरीही मामा म्हणाले, “पाटी काय, रिबीट तोडली का दुसरी बसते.” आक्षेप बरोबर होता. जाळी, बॉनेट, पाटी या तिन्ही गोष्टी बदलता येतात. महिंद्रच्या जीपला नऊ फटींची जाळी लावून तिला फौजी वेष देण्याचा शौक पुष्कळांना आहे. म्हणून पुरावा तोलताना ती वस्तू बदलणे किती सोपे होते, हे आधी विचारावे. बॅटरी सहा व्होल्टची की बारा, याला मी काहीच किंमत देत नाही. चेसिसच्या लोखंडाला मात्र देतो.

मग मी रंगाकडे वळलो. सीटखाली जेथे ऊन लागत नाही तेथे ब्लेडने हळूच खरवडले. वर फौजी हिरवा, त्याखाली निळा, निळ्याखाली पांढरा, त्याखाली तांबूस अस्तर आणि मग पत्रा. हिरवा रंग सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत नवा. डाव्या बाजूला पांढऱ्या थरावर पुसट काळी अक्षरे निघाली, त्यांतील ‘पं. स.’ एवढीच वाचता आली. लिलाव झाला होता हे खरे, पण तो फौजेचा नव्हता. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या १९६२ साली सुरू झाल्या. त्यांच्या निकामी ठरविलेल्या जीपा लिलावात निघत, आणि ‘सरकारी लिलाव’ या शब्दांचे आमच्या घरात कधीतरी ‘मिलिटरी लिलाव’ झाले असावे. आरसी बुकात निर्मितीचे वर्ष १९६९ आहे. घरच्यांचे म्हणणे असे होते की, ती फक्त नागरी नोंदणीची तारीख, गाडी त्याहून जुनी. पहिल्या मालकाचे पान वाळवीने खाल्ल्यामुळे हा युक्तिवाद इतकी वर्षे टिकला. आता तो टिकत नाही.

आता इंजिनाचा प्रश्न, आणि तोच अवघड. बॉनेटखाली ना प्लग, ना डिस्ट्रिब्यूटर. पंपापासून चार नोझलांकडे गेलेल्या लोखंडी नळ्या. हे डिझेल इंजिन आहे हे कोणीही सांगेल. प्यूजोच्या नमुन्याचे २११२ घनसेंटिमीटरचे हे इंजिन महिंद्रने १९८०च्या दशकात आपल्या जीपांना बसविले. तेच जुन्या पेट्रोल जीपांनाही लोकांनी बसवून घेतले. काहींनी तर मॅटॅडोरची इंजिने बसविली. पेट्रोलच्या खर्चाने गाडी दारात उभी राहण्यापेक्षा डिझेलवर राजूर घाट चढलेला बरा, हा हिशेब कोणालाही पटण्यासारखा आहे. आमच्या आरसी बुकात हा बदल कचेरीच्या शिक्क्यानिशी नोंदलेला आहे. आजही १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली असा बदल नोंदवावा लागतो. म्हणजे हे इंजिन कायदेशीर आहे, पण मूळचे नाही. पुष्कळ लोक या दोन शब्दांची गल्लत करतात. नंबर जुळतो एवढ्यावरून इंजिन मूळचे ठरत नाही. कित्येकदा इंजिन बदलल्यावर कागद त्याच्याशी जुळवून घेतलेला असतो.

उलट, नंबर जुळत नाही म्हणून गाडी खोटी, असेही म्हणता येत नाही. युद्धकाळातील फोर्डच्या जीपमध्ये चेसिसचा व इंजिनाचा नंबर कारखान्यातून एकच निघे. विलीजच्या जीपमध्ये हे दोन नंबर मुळातच वेगळे असत. ज्याला हे ठाऊक नाही तो अस्सल विलीज नाकारील, आणि नव्याने नंबर ठोकून ‘जुळविलेली’ विलीज आनंदाने घेईल. शिवाय दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतील असेच केलेले होते, आणि फौजेच्या दुरुस्तीखान्यात विलीजचे इंजिन फोर्डमध्ये सर्रास जाई. फोर्डने आपल्या बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उमटविले होते, त्यावरून अशी सरमिसळ आज उलगडता येते. अमेरिकेतील जोरदार इंजिनाच्या ‘मसल कार’ जमविणारेही याच पेचात सापडतात. पॉन्टिअॅक कंपनीची जीटीओ ही गाडी १९६४ व १९६५ साली ले मान्स या साध्या गाडीवर घेतलेला जादा साज म्हणून विकली जाई. त्यामुळे गाडीच्या नंबरावरून ती जीटीओ की साधी ले मान्स हे कळत नाही. १९६६पासून तो स्वतंत्र नमुना झाला. आधीच्या दोन वर्षांसाठी कारखान्याचे कागद व इंजिनावरील खुणा एकत्र वाचाव्या लागतात.

आमच्या जीपचे मूळ इंजिन गेले कोठे? मामांनी गोठ्याकडे बोट दाखविले. कडब्यामागे, ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवलेला एक ब्लॉक होता, हेडसकट. वर व्हॉल्वचे टोपण, म्हणजे हरिकेन. चिखलीच्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी घासलेट व तारेच्या ब्रशाने उजव्या बाजूचा पुढचा भाग साफ केला. तेथे ब्लॉकचा लहानसा उंचवटा सपाट करून त्यावर नंबर ठोकलेला असतो. मिस्त्री म्हणाले, आधी जागा पाहा, आकडे नंतर वाचा. जुना नंबर कानशीने घासून नवा ठोकला असेल तर ती जागा किंचित खोलगट लागते, कानशीचे ओरखडे एकाच दिशेने दिसतात आणि आकड्यांची खोली कमीजास्त असते. येथे तसे काही नव्हते.

आकडे वाचताना मात्र एक अडचण आली. शेवटून दुसरा आकडा आरसी बुकात ८ आहे. ब्लॉकवर तो ३ दिसत होता. नोंदणी कचेरीत चेसिसच्या नंबराचा पेन्सिलने ठसा घेतात, तीच युक्ती केली. नंबरावर पातळ कागद ताणून धरला आणि मऊ पेन्सिल आडवी फिरविली. शिलालेखाचा ठसा घेतात त्याचाच हा धाकटा भाऊ. चार ठसे घेतले. तीन ठशांत आकडा ३सारखाच आला. चौथ्यात, कागद ओला करून दाबल्यावर, डावीकडची वळणे अगदी फिकट उमटली. गंजाने तेवढाच भाग खाल्ला होता. बाकीचे सर्व आकडे जुळतात, इंजिनाचा प्रकार १९६९च्या गाडीस साजेसा आहे, क्षमता पुस्तकाप्रमाणे आहे, आणि ब्लॉक त्याच वाड्यात सापडला. एवढ्यावरून हेच या गाडीचे मूळ इंजिन असे माझे मत झाले आहे. ज्याला शंका असेल त्याने चारही ठसे पाहावेत, मी ते वहीत चिकटवून ठेवले आहेत.

या मताला आज थोडे व्यावहारिक मोलही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नासांहून अधिक वर्षे झालेली, चेसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. आमची जीप वयाने त्यात बसते. डिझेल इंजिनानिशी तिला मूळ स्वरूपातील गाडी म्हणता येणार नाही.

मी मामांना सारे सांगितले. गाडी युद्धातली नाही हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे डिझेल काढून फेकाचं म्हनतं का तू? याच्यावरच तं पोरींचे शिक्षनं झाले.” मी फेका म्हणालो नव्हतो. उलट जुन्या जीपांची पेट्रोल इंजिने परत बसविण्याच्या हौसेत ही डिझेल इंजिने भंगारात जातात हे मला अयोग्य वाटते. या जिल्ह्यात जीपचे अर्धे आयुष्य त्यांच्यावरच गेलेले आहे, आणि मागाहून कोणी अभ्यास करू म्हटले तर ती मिळावयाची नाहीत. काढलेच तर त्याचा नंबर, बसविल्याची तारीख व आरसी बुकातील पानाची नक्कल त्याच्याबरोबर बांधून ठेवावी, असे मी सुचविले.

पुण्याच्या गृहस्थांना मी पत्र लिहिले: गाडी महिंद्रची सीजे-३बी, १९६९ची, पूर्वी पंचायत समितीची, चालू इंजिन डिझेल, नोंदलेले, मूळ पेट्रोल इंजिन वेगळे उपलब्ध, नंबराचा एक आकडा झिजलेला, ठसे सोबत जोडले आहेत. पत्र टाकण्यापूर्वी मामांना वाचून दाखविले. त्यांनी त्यात फक्त एक भर घालावयास लावली, की गाडी अजून रोज चालते.

ब्लॉक आता गोठ्यातून ओसरीवर आला आहे. मिस्त्रींनी सिलिंडरांत तेल सोडून ठेवले आहे आणि चार दिवसांनी क्रँक हाताने थोडा फिरला. कार्बोरेटर व डिस्ट्रिब्यूटर मिळालेले नाहीत.