पालीहून आयव्हीएफला निघालात? ‘व्हिटॅमिन डी’वर किती पैसे घालाल

आयव्हीएफच्या तपासण्यांच्या यादीत हल्ली ‘व्हिटॅमिन डी’ बहुधा असतंच. करून घ्या; पण सुटी करा, पॅकेजात नको.

आधी पालीच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या मोफत आहेत, मात्र हीच तपासणी तिथे होईल असं धरून चालू नका. नाहीतर रत्नागिरीची खासगी लॅब, वीसेक किलोमीटरवर. चिठ्ठीवर ‘25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ लिहिलेलं हवं. साधारण 800 ते 1,800 रुपये. उपाशीपोटी जायचं नसतं, म्हणजे पहाटेची एसटी गाठायची धावपळ वाचली. घरी येऊन रक्त नेणार असतील तर त्याचे वेगळे किती, हे फोनवरच विचारा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा. त्या गोळ्यांनी आकडा चुकू शकतो.

‘फर्टिलिटी प्रोफाइल’चं पॅकेज घेण्याआधी क्लिनिकला दोन प्रश्न: बाहेरचा रिपोर्ट चालेल का? किती जुना चालेल? नाहीतर त्याच तपासण्या तिथे पुन्हा होतात, पुन्हा पैसे.

आकडा 20 नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. डॉक्टर बहुतेकदा 60,000 युनिटची गोळी किंवा पुडी देतात, आठवड्याला एक, आठ आठवडे. एकीला 25 ते 50 रुपये, म्हणजे सगळा कोर्स चारशेच्या आत. जेवणानंतर किंवा दुधातून घ्या. ‘आठवड्याला’ हा शब्द चिठ्ठीवर गोल करून ठेवा. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडू शकतात.

आता खरा प्रश्न: याने गर्भ राहील का? डी पुरेसं असलेल्या स्त्रियांत यश थोडं जास्त दिसलं, हे 2018 च्या एका एकत्रित अभ्यासात आलं. पण इटलीत 630 स्त्रियांवर चाचणी झाली, 2021 मध्ये छापून आली. डी कमी असलेल्यांपैकी निम्म्यांना 6 लाख युनिटचा एकच मोठा डोस दिला, निम्म्यांना दिला नाही. गर्भधारणा 37 आणि 40 टक्के, आणि 37 डोस घेतलेल्यांत! कमतरता भरून काढा, ती हाडांसाठी आणि पुढच्या गरोदरपणासाठी हवीच. ‘यश वाढवणारं’ महाग इंजेक्शन किंवा टॉनिक मात्र नको म्हणा. डी भरेपर्यंत आयव्हीएफची सायकल पुढे ढकलायची का, हे वय पाहून डॉक्टरांशी बोला. चाळिशीजवळ महिने महाग पडतात.

मोठा खर्च पुढेच आहे: खासगीत एका सायकलला साधारण दीड ते अडीच लाख. इंजेक्शनं, भूल, भ्रूण गोठवणं आणि त्याचं वार्षिक भाडं या आकड्यात धरलंय का, लेखी घ्या. 2021 च्या कायद्याप्रमाणे क्लिनिकची नोंदणी बंधनकारक आहे. प्रमाणपत्र बघायला मागा. दोघांची आधार कार्डं, विवाह नोंदणीचा दाखला, फोटो, जुने रिपोर्ट सोबत ठेवा. कोल्हापूरला जाणार असाल तर आंबा घाटातल्या फेऱ्यांचं भाडंही हिशेबात धरा.

डीची फेरतपासणी तीन महिन्यांनी. दर महिन्याला कुणी सांगितली तर कारण विचारा.