वेग आणि विवेक

वय वाढले म्हणजे मन प्रौढ झालेच, असे नाही. मुलगा परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्याचे कळताच पन्नाशीचा गृहस्थही क्षणात भान हरपून बसतो.

भावना उत्पन्नच होऊ नयेत, अशी अपेक्षा गीता करीत नाही. काम-क्रोधांपासून उठणारा वेग देहपातापूर्वी, येथेच, जो सहन करू शकतो, तो युक्त व सुखी होय, असे भगवंत सांगतात (अ. ५, श्लो. २३). ‘सहन करणे’ या शब्दातच वेग उठणार, हे गृहीत आहे. श्रीशंकराचार्यांनी भाष्यात क्रोधवेगाची लक्षणे दिली आहेत: अंगास कंप सुटणे, घाम येणे, ओठ चावणे, डोळे लाल होणे. ही लक्षणे जो स्वतःच्या ठिकाणी वेळीच ओळखतो, त्याला थांबण्यास अवसर मिळतो.

तो अवसर गमावला, तर क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिभ्रंश व त्यापासून बुद्धिनाश, असा क्रम ठरलेला आहे (अ. २, श्लो. ६३). समोरचा मुलगा आधीच दुःखी आहे, याचाच पित्याला विसर पडतो. आणि ज्याला धीर द्यावयाचा, त्याच्यावरच त्याचे शब्द आघात करतात.

मात्र राग मनात साठवून ठेवणे म्हणजे सहन करणे नव्हे. बाहेरून इंद्रिये आवरून आत विषयांचेच चिंतन करणाऱ्यास गीतेने मिथ्याचारी म्हटले आहे (अ. ३, श्लो. ६). वेग ओसरू द्यावा. नंतर अभ्यासातील उणीव स्पष्टपणे दाखवावी आणि पुढील प्रयत्नात मुलाला साथ द्यावी. गृहस्थाची ही साधना वनात नव्हे, घरातच व्हावयाची असते.