पाळण्यातले नाव आणि गावाचा इतिहास



स्थानिक इतिहासाचा पाठ म्हटला की आपण गढी आणि जुने देऊळ यांकडे वळतो. धनजसारख्या गावी त्याहून जवळचे साधन घरोघरी आहे, ते म्हणजे पाळणा. तिसरी-चौथीच्या वर्गास प्रथम विचारावे : 'तुमच्या आजोबांचा जन्म केव्हाचा?'

पुष्कळ मुले घरी विचारून १ जून, क्वचित १ जुलै अशी तारीख आणतील. वर्गात हशा पिकेल, पिकू द्यावा. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसे, तेव्हा गुरुजी वयाचा अदमास घेऊन सत्रारंभाची तारीख लिहीत. ही आपल्याच व्यवसायबंधूंची लेखणी होय ! आईस मात्र जन्म निराळ्या रीतीने स्मरे : पेरणी आटोपली होती, कापूसवेचणी चालू होती, पोळ्याचा दुसरा दिवस होता. ती आठवण मुलांनी टिपून आणावी.

मग फळ्यावर तीन पिढ्या मांडाव्यात. १९४० साली येथे जन्मलेले मूल मध्यप्रांत व वऱ्हाडातले, १९५२ चे मध्यप्रदेशातले, १९५८ चे द्विभाषिक मुंबई राज्यातले. १९७० चे मूल महाराष्ट्रातल्या अकोला जिल्ह्याचे, तर १ जुलै १९९८ नंतरचे वाशीम जिल्ह्याचे. घर तेच, कदाचित पाळणाही तोच.

खरा अभ्यास नावांचा. उकंडा, दगडू, धोंडू ही नावे ऐकून मुले हसतात. येथे शिक्षकाने थांबावे. ज्या घरी आधीची लेकरे दगावली, तेथे पुढच्या बाळास मुद्दाम हीन नाव देत, म्हणजे मृत्यूची दृष्ट त्यावर पडू नये. काही ठिकाणी बाळास क्षणभर उकिरड्यावर ठेवून लगेच उचलून घेत. देवी, पटकी, हगवण यांनी घरे रिकामी होत, त्या काळची ही माया आहे. 'नकुशी' हे नाव मात्र या पंक्तीत बसवू नये. ते नको असलेल्या मुलीचे नाव. सातारा जिल्ह्यात अशा मुलींना २०११ साली समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली.

कोणाच्या घरी किती मुले गेली, हे वर्गात विचारू नये. मुलाने आपण होऊन सांगितले, तर शांतपणे ऐकून घ्यावे.

आजीविषयी एक विशेष सूचना. लग्नात नाव बदलण्याच्या रूढीमुळे तिचे पाळण्यातले नाव सासरच्या कागदांत बहुधा सापडत नाही. नातवंडांनाही ते ठाऊक नसते. ते तिलाच विचारावयास सांगावे, आणि वर्गाच्या तक्त्यावर सासरच्या नावाच्या वरच्या ओळीत लिहून घ्यावे.