समीक्षकाची इंग्रजी आणि यंत्राचे साहाय्य

प्रश्न : माझे शिक्षण मराठीतून झाले. शोधनिबंधाची समीक्षा लिहिताना इंग्रजी सुधारण्यासाठी एआयची मदत घ्यावी काय?

उत्तर : भाषा सुधारून घेण्यात कमीपणा मुळीच नाही, परंतु आपल्या स्वाधीन झालेले हस्तलिखित ही लेखकाची अनामत असल्यामुळे, संपादकांच्या परवानगीवाचून ते बाह्य यंत्रणेच्या हवाली करणे हा विश्वासभंगच होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२३ साली अनुदान-अर्जांच्या समीक्षेत एआय साधनांस सक्त मनाई केली, आणि एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने तर केवळ भाषाशुद्धीसाठीही समीक्षेचा मजकूर त्यांत घालू नये, असे बजावले. हा दुसरा निर्बंध परभाषेत लिहिणाऱ्यास जाचक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण साहाय्य न घेताही अशा लेखकावर संशय येऊ शकतो : २०२३ सालीच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल या परभाषकांच्या इंग्रजी परीक्षेचे ९१ निबंध यंत्रलिखित मजकूर ओळखणाऱ्या सात यंत्रणांकडून तपासले, तेव्हा माणसांनीच लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिकांवर यंत्रलिखिताचा शिक्का बसला. म्हणून आपली मूळ टिपणे, मराठीत का होईना, जपून ठेवावीत. ‘नमुना लहान आहे, तक्ता २ वरून हा निष्कर्ष निघत नाही’ एवढे साध्या इंग्रजीत लिहिले तरी संपादकांचे काम भागते. तरीही साहाय्य हवेच असेल, तर नियतकालिकाचे नियम पाहून संपादकांची लेखी अनुमती आधी मागावी.